निवडणुकीची तयारी: आधी हरणाऱ्याची सोय बघा

युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात निवडणुकीच्या तयारीची यादी करायला बसलं, की पहिल्या ओळीत मतदानाची तारीख पडते. पडू द्या, पण पेन्सिलीने. तिच्या वर एक ओळ मोकळी ठेवा आणि तिथे लिहा: हरणार कोण, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे काय उरलेलं असेल? काल-परवापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांपैकी एकाला हरायचंच आहे. त्याच्या मागे तेव्हाही हत्यारबंद फौज उभी असेल, तर मतपेट्या कितीही चोख असोत, उपयोग नाही.

अंगोलाचं काय झालं ते आधी आठवा. मे १९९१ मध्ये सरकार आणि युनिटा या बंडखोर संघटनेत बिसेसेचा शांतता करार झाला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये मतदान. मधल्या काळात सरकारचं सैन्य आणि युनिटाचे नेते साविंबी यांचे लढवय्ये मोडीत काढून ५० हजारांचं एकच सैन्य उभं करायचं होतं. मतदानाचा दिवस उजाडला तेव्हा ते बऱ्याच अंशी कागदावरच होतं. राष्ट्राध्यक्ष दोस सांतोस यांना ४९.५७ टक्के मतं पडली, साविंबींना ४०.०७. पन्नाशी कोणीच गाठली नाही म्हणून दुसरी फेरी व्हायची होती. ती झालीच नाही. साविंबींनी निकाल फेटाळला, युद्ध पुन्हा पेटलं आणि फेब्रुवारी २००२ मध्ये ते मारले गेल्यावरच थांबलं. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या प्रमुख मार्गारेट अँस्टी यांना सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक ७४७ ने काम नेमून दिलं होतं. त्यावर त्या म्हणायच्या, उडवायला दिलंय ७४७ विमान आणि इंधन मात्र छोट्या डीसी-३ विमानापुरतं. तेव्हा पैसे आणि माणसं किती, हा आकडा तारखेच्या शेजारीच लिहून ठेवा.

आता हत्यारं. इथे घाई करू नका. यादीतला सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार आहे, आणि जायलाच हवा. हत्यारं जमा करून घेणाऱ्या छावणीचं फाटक उघडण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात: लढवय्यांची नावानिशी यादी आणि त्यांना द्यायची रक्कम. लायबेरियात डिसेंबर २००३ मध्ये मन्रोव्हियाजवळची पहिली छावणी उघडली, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसं येऊन थडकली, पैशांवरून दंगल झाली आणि काम बंद करावं लागलं. एप्रिल २००४ मध्ये पुन्हा सुरुवात झाली. शेवटी एक लाखाहून अधिक जणांनी 'लढवय्या' म्हणून नाव नोंदवलं, बंदुका जमा झाल्या सुमारे २८ हजार. १५० काडतुसं आणली तरी नाव नोंदवलं जात होतं, ३०० डॉलर मिळत होते. मग गर्दी होणारच! याला भ्रष्टाचार म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण माणसं मोजली म्हणजे हत्यारं मोजली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नेपाळने हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला, आणि माझ्या मते ती जास्त शहाणी तऱ्हा होती. नोव्हेंबर २००६ च्या करारानंतर माओवाद्यांचे पडताळणी झालेले १९,६०२ लढवय्ये सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत राहिले. हत्यारं कंटेनरमध्ये कुलूपबंद झाली. किल्ली माओवाद्यांकडेच राहिली, पाळत संयुक्त राष्ट्रांची. तितकीच हत्यारं नेपाळी लष्करानेही कुलपात ठेवली. शरण आलो असं कोणालाही म्हणावं लागलं नाही. तुमच्या यादीत 'हत्यारं जप्त' असं लिहिलं असेल, तर ते खोडून 'हत्यारं कुलपात, दोघांचीही' असं लिहा. पुढचं मात्र रेंगाळलं: या लढवय्यांचं काय करायचं, हे सुटायला २०१२ उलटावं लागलं.

पेन्सिलीतल्या तारखेकडे आता या. नेपाळमध्ये जून २००७ ठरला होता, तो नोव्हेंबरवर गेला आणि मतदान झालं १० एप्रिल २००८ ला. मोझांबिकमध्ये सरकार आणि बंडखोरांमधला १९९२ चा रोमचा करार एका वर्षात निवडणूक घ्या म्हणत होता. सैन्यं मोडली गेली नव्हती म्हणून ती ऑक्टोबर १९९४ मध्ये झाली. अंगोला डोळ्यांसमोर होताच. तारीख पुढे ढकलताना मधल्या महिन्यांत कोणतं काम कोण पुरं करणार, हे सोबत लिहा. ते न लिहिता ढकललेली तारीख नुसती खुर्ची सांभाळते. दक्षिण सुदानमध्ये २०१८ चा करार होऊनही निवडणूक सरकत राहिली. डिसेंबर २०२४ ची तारीख २०२४ च्या सप्टेंबरमध्ये डिसेंबर २०२६ वर नेली गेली.

हरणाऱ्याच्या पक्षासाठी पैसे ठेवलेत का? हे कलम वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. मोझांबिकमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वतीने काम पाहणाऱ्या आल्दो आयेलो यांनी रेनामो या बंडखोर संघटनेचा पक्ष व्हावा म्हणून खास निधी उभा करवला. इटलीने त्यात मोठा वाटा उचलला. कार्यालयं, गाड्या, कपडेसुद्धा. जंगलातून आलेल्या माणसाला राजधानीत बसायला जागा लागते, एवढं साधं गणित. मतदानाच्या आदल्या दिवशी रेनामोचे धलाकामा बहिष्कार घालून मोकळे झाले, तेव्हा त्यांची समजूत काढायला माणसं हाताशी होती. ते परतले आणि मतदान एक दिवस वाढवून दिलं गेलं.

निवडणुकीची पद्धतही याच नजरेने निवडा. एकच खुर्ची आणि तीही सर्वशक्तिमान, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या हाती भोपळा. नेपाळच्या संविधान सभेत २४० जागा थेट मतदारसंघांतून, ३३५ पक्षांना पडलेल्या मतांच्या प्रमाणात आणि २६ नेमणुकीने होत्या. हरलेल्या जुन्या पक्षांनाही आत जागा मिळाली.

मतदार यादी, पेट्या, केंद्रांवरचे कर्मचारी हे सगळं सरावाचं काम आहे, ते जमतं. फक्त शाई आधी स्वतःच्या बोटावर लावून, घासून बघा. अफगाणिस्तानात ऑक्टोबर २००४ मध्ये काही केंद्रांवर शाई धुतली जायला लागली आणि दुपारपर्यंत १५ उमेदवारांनी बहिष्कार जाहीर केला होता.

निकाल कोण जाहीर करणार, आणि त्यावर शेवटचा शब्द कोणाचा? दोन वेगळी नावं असतील तर आताच थांबा. आयव्हरी कोस्टमध्ये नोव्हेंबर २०१० च्या दुसऱ्या फेरीनंतर निवडणूक आयोगाने विरोधी उमेदवार वातारा यांना ५४ टक्क्यांच्या पुढे दाखवून विजयी ठरवलं. घटना परिषदेने उत्तरेकडची मतं रद्द करून सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष बाग्बो यांना विजयी केलं. परिषदेचे अध्यक्ष बाग्बो यांच्याच गोटातले. ४ डिसेंबरला दोघांनीही शपथ घेतली. एप्रिल २०११ मध्ये बाग्बो पकडले गेले, तोवर सुमारे तीन हजार माणसं मेली होती. मतदान केंद्रागणिक निकालपत्रक तिथेच भिंतीवर चिकटवायचं आणि त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची, हे नियमांत आहे ना, ते तपासा.

उरला निकालानंतरचा कप्पा. तो बहुतेक याद्यांमध्ये कोराच असतो. मोझांबिकमध्ये १९९४ ला रेनामोला २५० पैकी ११२ जागा मिळाल्या, काही प्रांतांत तर ती पहिली आली. पण सगळ्या प्रांतांचे राज्यपाल राष्ट्राध्यक्षच नेमत राहिले आणि ते सत्ताधारी फ्रेलिमोचे. रेनामोने काही हत्यारबंद माणसं ठेवूनच दिली होती. २०१३ मध्ये गोळीबार पुन्हा सुरू झाला. निवडून आलेले राज्यपाल आले २०१९ मध्ये, त्याच वर्षी नवा करार झाला, आणि गोरोंगोसातला रेनामोचा शेवटचा तळ बंद व्हायला जून २०२३ उजाडला.