दमेकऱ्यांनी हिवाळ्यात फिरायला कधी निघावं?

पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी भल्या पहाटे टेकडी चढणाऱ्या दमेकऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वेळ बदला. मला दमा चाळिशीनंतर झाला. 'पहाटेची हवा शुद्ध' असं घरोघरी सांगतात, पण थंडीत उलट घडतं. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गारठते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, शेकोट्या, सगळं खालीच कोंडून राहतं. ऊन तापलं की हवा वर उठते आणि धूर पांगतो. म्हणून थंडीत मी दुपारी तीन-चारला चालते. नोकरी असेल तर त्या महिन्यांत घरातच व्यायाम करा.

या धूर-धुळीत पीएम २.५ असतात, म्हणजे अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. जाड धूळ नाकाघशात अडकते, हे कण मात्र थेट फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात, त्या आणखी आवळतात.

बाहेर पडण्याआधी दोन आकडे बघा.

पहिला हवेचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेचा निर्देशांक दिसतो; आकडा जितका मोठा, तितकी हवा वाईट. १०१ ते २०० ला तिथे 'मध्यम' म्हणतात, पण या नावावर जाऊ नका. या हवेत दमेकऱ्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो, असं मंडळच सांगतं. काही परदेशी ॲप अमेरिकी मोजपट्टी लावतात, त्यामुळे त्याच हवेचा आकडा वेगळा दिसतो. एकच ॲप धरून चाला.

दुसरा छातीचा, आणि माझा भरवसा यावर जास्त. औषधांच्या दुकानात पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं उपकरण, मिळतं. उभं राहून काटा शून्यावर आणा, छाती भरून श्वास घ्या, नळीभोवती ओठ घट्ट आवळा आणि जोर लावून एका झटक्यात फुंका. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा, शेजारी हवेचा लिहा. बरं वाटत असताना दोन-तीन आठवडे मोजून जो सर्वांत चांगला आकडा येईल, ती तुमची पातळी. माझी ३८०. तिच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ३०४ च्या खाली आलं की मी बाहेर पडत नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवते. निम्म्याखाली गेलं तर वाट बघायची नाही. लगेच रिलीव्हर (श्वासनलिका पटकन मोकळ्या करणारा) पंप घ्यायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

सूज आटोक्यात ठेवणारा रोजचा स्टेरॉइडचा पंप मात्र बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा.

रहदारीतून जावंच लागलं तर एन९५ मास्क लावा, रुमाल या कणांना अडवत नाही. नाकावरची पट्टी दाबून बसवा. चष्म्यावर वाफ धरली तर कडेनं हवा निसटतेय.

घरात डासांची कॉइल आणि उदबत्ती बंद. कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं फिरवा.

राहिली गेटवरची शेकोटी. वॉचमनकाका पालापाचोळा, कधी प्लास्टिकही जाळतात, कारण रात्रभर ते थंडीत कुडकुडत असतात. त्यांच्यावर ओरडून काय होणार? आमच्या सोसायटीनं केबिनमध्ये विजेचा हीटर बसवला, शेकोटी बंद झाली. तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा.