दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसचे कागद कसे काढायचे: अपघात दाव्यांत नव्याने आलेल्यांसाठी

अपघात दाव्यांचं, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या दाव्यांचं काम शिकायला आलेल्या ज्युनिअर वकिलाच्या वाट्याला हे काम लवकरच येतं. पक्षकाराच्या घरातला कर्ता माणूस गेलेला असतो आणि पक्षकार सांगतो, "मॅडम, ड्रायव्हर फुल प्यायलेला होता. याआधीपण त्याला पकडलं होतं म्हणे." सिनियर म्हणतात, "कागद काढ." कुठले, कुठून, कसला अर्ज करून, हे कोणी सांगत नाही. लॉ कॉलेजात नक्कल विभागाचं, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या अधिकृत प्रती देणाऱ्या विभागाचं, दारसुद्धा आपल्याला कोणी दाखवलेलं नसतं. म्हणून हे लिहितेय. माझं काम जिल्हा कोर्टात आणि आसपासच्या तालुका कोर्टांत चालतं, त्यामुळे सगळं महाराष्ट्रापुरतं धरा.

आधी पक्षकाराच्या वाक्याचे दोन भाग करा. या अपघाताच्या वेळी ड्रायव्हर प्यायलेला होता का, हा एक प्रश्न. याआधी पकडला गेला होता का, हा दुसरा. दोन्हींचे कागद वेगळ्या ठिकाणी असतात आणि दाव्यात त्यांचं वजनही सारखं नसतं. आधीची शिक्षा दाखवली म्हणून या वेळचा निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही. फौजदारी बाजूला मात्र तिने फरक पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे आकडे १ सप्टेंबर २०१९ पासूनचे आहेत. त्याआधीच्या केसमध्ये दंड दोन हजार दिसला तर गोंधळू नका, तेव्हा तेवढाच होता.

या अपघाताचे कागद मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून बहुतेक वेळा मिळतो. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. १ जुलै २०२४ पासूनचा गुन्हा असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं २८१, १२५, १०६ बघा, आधीचा असेल तर भादंविची (जुन्या भारतीय दंड संहितेची) २७९, ३३७, ३३८, ३०४-अ. सोबत १८५ लावलंय का, हे तिथेच कळतं. पण एफआयआरमध्ये १८५ नाही म्हणून ड्रायव्हर प्यायलेला नव्हता असं पक्षकाराला सांगून टाकू नका. रक्ताचा अहवाल यायला वेळ लागतो आणि कलम पुढे वाढवलं जाऊ शकतं. एप्रिल २०२२ पासून अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलकडे, म्हणजे अपघात दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, पाठवणं तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याची प्रत मागा, लेखी मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

एक ताकीद. ड्रायव्हर प्यायलेला होता हे सिद्ध करण्याची घाई आपल्यापेक्षा विमा कंपनीला जास्त असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये दारूच्या नशेत गाडी चालवणं हा कंपनीचा, भरपाईची जबाबदारी नाकारण्यासाठीचा, बचाव म्हणून आला. दाव्यात हा मुद्दा किती ताणायचा हे सिनियरशी बोलून ठरवा. अर्थात कागद तर काढायचेच. आपल्या फाईलमध्ये काय आहे हे समोरच्या वकिलाच्या तोंडून कळण्याची वेळ येऊ नये.

रक्ताच्या रासायनिक विश्लेषणाचा, म्हणजे सी.ए. रिपोर्टचा नुसता शेवटचा आकडा वाचून फाईल बंद करू नका. अपघाताची वेळ, अटकेची वेळ आणि नमुना घेतल्याची वेळ एका ओळीत लिहून काढा. कलम १८५ च्या गुन्ह्यात जागेवर अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांत व्हायला हवी, असं कलम २०२ सांगतं. मग बाटलीवरचा नंबर, लाखेच्या सीलचं वर्णन आणि लॅबला पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक रिपोर्टशी जुळवा. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, त्या प्रकरणात ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली होती. तेव्हापासून ही जुळवाजुळव मी प्रत्येक फाईलमध्ये करते आणि हाताखालच्या मुलींनाही करायला लावते. श्वास तपासणीच्या मशीनची पट्टी असेल तर तिची स्पष्ट झेरॉक्स पहिल्याच भेटीत मिळवा. तो थर्मल कागद असतो, काही महिन्यांत कोरा पडतो.

आता 'याआधी पकडलं होतं' वाला भाग. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेलाय, म्हणून सावकाश सांगते.

नाकाबंदीत वाहतूक पोलिसांनी थांबवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, दारूचं प्रमाण १०० मिली रक्ताला ३० मिलीग्रॅमच्या वर आलं. अपघात नाही, कोणी जखमी नाही. अशा केसमध्ये अनेकदा एफआयआर होतच नाही. वाहतूक शाखा खटला तयार करते आणि थेट कोर्टात पाठवते. साध्या चलनासारखा दंड भरून हा गुन्हा जागेवर मिटत नाही, त्यामुळे कोर्टात नोंद होते हे नक्की. पण कुठल्या नंबराने? गाडीवाल्याच्या हातातल्या पावतीवर वाहतूक शाखेचा नंबर असतो. तो सी.आर. नंबर, म्हणजे पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक नव्हे आणि कोर्टाचाही नव्हे. कोर्टात केस गेली की तिला एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटला) नंबर पडतो. पावती त्याच्या आधी फाडलेली, मग तिच्यावर तो येणार कुठून? ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केसेस शोधायच्या सरकारी संकेतस्थळावर, एफआयआर नंबरच्या रकान्यात पावतीचा नंबर टाकून कितीही वेळा शोधा, 'नोंद सापडली नाही' हेच येईल. आणि तुम्ही सिनियरना जाऊन सांगाल की आधीची केस नाही. मी हेच सांगितलं होतं. केस होती.

मग नावाने शोधायचं. इथे तीन ठिकाणी पाय अडकतो. पहिलं म्हणजे केसची स्थिती. आरोपी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, केस त्याच दिवशी निकाली. शोधताना 'प्रलंबित' वर खूण असेल तर ही केस दिसणारच नाही. 'दोन्ही' वर खूण करा. पुन्हा सांगते, 'दोन्ही' वर. दुसरं, वर्ष. तिथे मागतात ते केस नोंदल्याचं वर्ष, पकडल्याचं नव्हे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या नाकाबंदीतली केस कोर्टात पुढच्या वर्षी नोंदली जाते. डिसेंबरची घटना असेल तर दोन्ही वर्षं बघायचीच. तिसरं, नावाचं इंग्रजी स्पेलिंग. ज्ञानेश्वर हे नाव डी-एन-वाय ने सुरू होतं, डी-वाय ने होतं, जी-वाय ने होतं, ज्याने टाइप केलं त्याच्या मर्जीने. आडनाव कधी आधी, कधी शेवटी. पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली काही अक्षरं टाका आणि आलेली यादी वडिलांच्या नावावरून चाळा. कंटाळवाणं आहे, पण हाच रस्ता आहे.

कोर्टही बरोबर निवडा. नाका ज्या हद्दीत होता तिथलं कोर्ट, ड्रायव्हर राहतो तिथलं नव्हे. मोठ्या शहरांत मोटार व्हेइकलच्या केसेस एका ठराविक कोर्टात चालतात, ते आधी विचारून घ्या. सापडली की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवरचा त्या केसचा स्वतंत्र क्रमांक) लगेच उतरवून ठेवा, नंतर पुन्हा शोधत बसावं लागत नाही. दारू पिऊन रस्त्यावर धिंगाणा घातल्याची केस दारूबंदी कायद्याच्या कलम ८५ खाली असते. पक्षकार तिलाही 'ड्रिंक अँड ड्राइव्ह' म्हणतात. कलम बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

एवढं सगळं करूनही सापडली नाही, तर घाबरू नका. सगळ्यांचं असं होतं. तारीख आणि वाहतूक विभाग लिहून घेऊन त्या कोर्टाच्या कारकुनाला दुपारच्या सुट्टीनंतर भेटा. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, चालू असताना कधीच नाही. माझं स्पष्ट मत आहे, हे काम सिनियरकडून शिकण्यापेक्षा त्यांच्या जुन्या क्लार्ककडून शिका. वीस-वीस वर्षं रजिस्टरं उलटलेली ही माणसं आहेत. त्यांना दादा म्हणा, भाऊ म्हणा, पण मान द्या आणि नीट विचारा.

नक्कल अर्जात केस नंबर, निकालाची तारीख आणि कुठली निशाणी (फाईलमधल्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक) हवी हे लिहा. नुसतं 'सर्व कागदपत्रे' लिहिलं की अर्ज परत येतो. कबुलीने संपलेल्या केसमध्ये लांबलचक निकालपत्र शोधू नका. संक्षिप्त खटल्यात गुन्हा, कबुली, निष्कर्ष आणि शिक्षा एवढीच नोंद असते. ती, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद) आणि मूळ फिर्याद मागा. आपण त्या केसमध्ये पक्षकार नसतो, त्यामुळे नक्कल कशासाठी हवी याचं कारण द्यावं लागतं, प्रतिज्ञापत्रही मागतात. दाव्याचा नंबर आणि त्यातला आपला संबंध दोन वाक्यांत लिहिला की बहुतेक वेळा पुरतं. छोट्या केसेसचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. म्हणून हे काम पुराव्याच्या तारखेपर्यंत लांबवू नका.

माहिती अधिकार टाकून कोर्टाचे कागद मिळतील, असं वकिलांच्या बाररूममध्ये कोणीतरी सांगेलच. त्यात वेळ घालवू नका. उच्च न्यायालयाच्या नियमांत नक्कल देण्याची सोय असताना त्याच मार्गाने जावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलंय. पोलिसांकडच्या माहितीसाठी अर्ज जरूर करा, एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, पण तिथेही दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून नकार येण्याची तयारी ठेवा. आरोपी अल्पवयीन असेल तर हा शोध तिथेच थांबवा. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्याची ओळख उघड करायला मनाई करतं. जे लागेल ते ट्रिब्युनलसमोर अर्ज करून मागवा.

कोर्टाच्या गेटवरच्या एजंटला पैसे देऊ नका. 'दोन दिवसांत काढून देतो' म्हणणारा कुठून काय काढतो हे तुम्हाला माहीत नसतं, आणि शिक्का नसलेला कागद ट्रिब्युनलमध्ये वाचला जात नाही. नातेवाईक त्यांच्या होणाऱ्या जावयाची 'जरा केस आहे का बघ' म्हणून गळ घालतील. नाही म्हणा. एकाच नावाची माणसं एकाच तालुक्यात कितीतरी असतात आणि स्क्रीनवर फक्त नाव दिसतं. नोकरीसाठी हवं असेल तर त्या माणसालाच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगा.

नक्कल हातात आली की खिडकी सोडण्याआधी पानं मोजा, प्रत्येक पानावरचा शिक्का बघा आणि आरोपीच्या वडिलांचं नाव व पत्ता आपल्या दाव्यातल्या ड्रायव्हरशी जुळवा. अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख वाचता येते का तेही पाहा. पुसट असेल तर तिथल्या तिथे स्पष्ट लिहून घ्या. अपिलाची वेळ आली तर मुदतीतून नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस वगळतात, ते याच तारखांवरून.