दुसऱ्या फॉर्ममधला बदल पहिल्यात दिसेना : माझा अनुभव

रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानासाठी मी सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलंय, विंडोज फॉर्म्स वापरून. यात प्रत्येक फॉर्म म्हणजे पडद्यावरची एक खिडकी. एक दिवस दुकानदार काकांचा फोन आला, "अहो, गिऱ्हाईकाचा पत्ता बदलला तरी बिलावर जुनाच छापून येतोय!"

घोळ माझ्याच कोडमध्ये होता. पत्त्याच्या फॉर्ममधून बिलाच्या फॉर्मला नवा पत्ता द्यायला मी तिथे 'न्यू' लिहून बिलाचा फॉर्म बनवला होता. 'न्यू' म्हटलं की मेमरीत नवा कोरा ऑब्जेक्ट, म्हणजे क्लास नावाच्या साच्यातून घडवलेली वस्तू, तयार होतो. म्हणजे पत्ता त्या न दिसणाऱ्या फॉर्मवर जात होता आणि पडद्यावरचा फॉर्म होता तसाच.

मग ते 'न्यू' काढलं. पत्त्याच्या फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरला (फॉर्म तयार होताना चालणारा कोड) ग्राहक, म्हणजे गिऱ्हाईकाची माहिती ठेवणारा ऑब्जेक्ट, हा पॅरामीटर (बाहेरून घ्यायची माहिती) दिला आणि उघडताना बिलाच्या फॉर्मकडचाच ग्राहक त्यात पाठवला. क्लासचा ऑब्जेक्ट असा पाठवला की त्याची प्रत होत नाही, रेफरन्स, म्हणजे तो ऑब्जेक्ट मेमरीत कुठे आहे याची खूण, जातो. दोन्ही फॉर्म एकाच ग्राहकाकडे बघतात. पत्त्याचा फॉर्म उघडणारं 'शो-डायलॉग' संपल्यावर, म्हणजे तो फॉर्म बंद झाल्यावर, बिलाचे टेक्स्टबॉक्स (मजकुराचे रकाने) मात्र पुन्हा भरावे लागले, ते आपोआप बदलत नाहीत.

इथे एक गोष्ट जपा. टाइप करतानाच ऑब्जेक्ट बदलत गेलात तर 'रद्द' दाबूनही बदल राहतो. मी टेक्स्टबॉक्समधला मजकूर 'ठीक'चं बटण दाबल्यावरच ग्राहकात लिहितो.

संध्याकाळी दुकानात जाऊन काकांसमोर बिल छापलं. पत्ता नवा आला.