कुड्याची साल हवी असेल तर

गोव्यात पेडण्याला आमच्या घरामागे सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे. पाऊस संपला की पुढे सात-आठ महिने तिथे जांभा नुसता तापत असतो, आणि त्यातच कुड्याचं झाड तग धरतं. आव पडली की आजी त्याच्या सालीचं ओखद द्यायची. ती गेल्यावर लोकांनी झाडाची साल बुंध्याभोवती गोल सोलून नेली. अशी साल काढली की पानांतलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड वाळलं. मुळातून आलेले फुटवे सड्यावरच्या आगीत गेले. तेव्हापासून मी कुडा बियांपासून वाढवते.

आधी ओळख पक्की करा. औषधाचा तो पांढरा कुडा. काळ्या कुड्यालाही पांढरी फुलं आणि जोडशेंगा येतात, पण त्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात. पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. तरी शंका असेल तर बी चावून बघा. पांढऱ्याचं बी कडू लागतं, म्हणून त्याला कडू इंद्रजव म्हणतात.

शेंगा तपकिरी होऊ लागल्या की मी त्यांना जुन्या साडीचा तुकडा बांधते, नाहीतर फुटताच म्हाताऱ्या, म्हणजे केसाळ बिया, उडून जातात. चार जोड्यांतली एकच घेते. बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायचं. मे सरताना रात्रभर भिजवून पिशव्यांत नखभर खोल पेरायचं. लाल माती, रेती आणि शेणखत सारखंच.

रोपं पुढच्या मिरगाला बाहेर लावते, तीही कातळाच्या भेगांत, जिथे माती आपोआप साचलेली आहे. उघड्या कातळावर माती नेऊन टाकू नका. ओसाड दिसणाऱ्या त्या पातळ थरातच पावसात सीतेची आसवं ही इवलीशी रानफुलं फुलतात.

चिकामुळे गुरं कुड्याला सहसा तोंड लावत नाहीत. भीती आगीची. डिसेंबरात रोपाभोवती दोन हात गवत कापून दूर न्या.

साल काढताना बुंध्याला कोयती लावायची नाही. मनगटाएवढी एक फांदी छाटा, तिचीच साल सोला. झाड पुन्हा फुटतं. किती आणि कशी घ्यायची ते वैद्यांना विचारा. गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाला स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका.

माझ्या पहिल्या रोपाला गेल्या मेमध्ये फुलं आली. सून म्हणाली, भाजी करूया. मूठभरच खुडू दिली, बाकीची शेंगांसाठी राखली.