एकटीने फार्मिंग करताना माझ्या वहीत काय असतं

माझी लेक रात्री साडेनऊला झोपते. पुन्हा कधी उठेल याचा भरवसा नसतो. कधी दीड तास मिळतो, कधी वीस मिनिटं. अशा वेळी पाच जणांच्या टीममध्ये जाऊन मध्येच "आलेच हं" म्हणून उठणं मला पटत नाही, कारण माझ्यामुळे बाकी चार जणांची रात्र वाया जाते. म्हणून गेली तीन वर्षं मी मल्टिप्लेअर गेम एकटीच खेळते. गेममधला पैसाही एकटीने जमवते आणि एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुणसुद्धा. तेच काम पुन्हा पुन्हा करून असं जमवण्याला फार्मिंग म्हणतात.

हे जमतं. ग्रुपसाठी ठरलेले मार्ग मात्र एकट्याने रेटायला गेलात तर हात दुखतील आणि खिसा रिकामा राहील. एकट्याचे मार्ग वेगळे असतात आणि ते शोधायला एक साधी वही पुरते.

आधी वही

कोणत्याही मार्गाबद्दल विचारलं की लोक सांगतात, "एका फेरीला एवढे मिळाले." हा आकडा अर्धवट आहे. फेरीआधीची तयारी, नकाशावरचा प्रवास, लोडिंग, गोळ्या-औषधांची खरेदी आणि शेवटी माल विकायला लागलेला वेळ त्यात धरलेलाच नसतो. मी घड्याळ सुरू करते ते गेम उघडल्यापासून, आणि पैसे प्रत्यक्ष हातात पडल्यावरच बंद करते.

समजा एका मार्गात २० मिनिटांच्या फेरीला एक लाख मिळतात. ऐकायला तासाला तीन लाख वाटतात. पण फेरीआधी २५ मिनिटांची तयारी असेल तर ४५ मिनिटांना एक लाख पडले, म्हणजे तासाला जेमतेम एक लाख तेहेतीस हजार. दुसऱ्या मार्गात १२ मिनिटांना चाळीसच हजार मिळतात, पण तयारी काहीच नाही. तिथे तासाचे दोन लाख होतात. पहिला मार्ग सगळे सांगतात, दुसऱ्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

माझ्या वहीत पाच रकाने आहेत: सुरुवात, शेवट, खर्च, मिळकत, आणि किती वेळा उठावं लागलं. एक मार्ग तीन रात्री चालवते आणि तिन्हींची सरासरी काढते. ज्या रात्री नशिबाने एखादी दुर्मीळ वस्तू मिळते, ती रात्र सरासरीत धरत नाही. रोज मिळणार नाही अशा गोष्टीवर मार्ग ठरवायचा नसतो.

थांबलं तर काय जातं

पाचवा रकाना माझ्यासाठी सगळ्यांत मोलाचा. मार्ग निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: आत्ता, या क्षणी, कंट्रोलर खाली ठेवला तर माझं काय बुडेल?

काही कामांत काहीच बुडत नाही. ओल्ड स्कूल रूनस्केपमधला हाय अल्केमी हा मंत्र घ्या. मॅजिक या कौशल्याची लेव्हल ५५ झाली की एक नेचर रून आणि पाच फायर रून (रून म्हणजे मंत्राला लागणारे जादूचे दगड) खर्चून वस्तूची सोन्याची नाणी करता येतात. एका मंत्राला तीन सेकंद लागतात. लेक रडली तर फार तर एक मंत्र राहून जातो. वॉरफ्रेममध्ये सोलो मोड लावला की मिशन चक्क पॉज होतं, आणि मल्टिप्लेअर गेममध्ये अशी सोय विरळाच.

काही कामांत मात्र सगळं बुडतं. जीटीए ऑनलाइनमध्ये माल पोचवायला निघाल्यावर मध्येच बाहेर पडलात तर तो माल गेला म्हणून समजा. सुरुवातीला हे मला ठाऊक नव्हतं. दोन संध्याकाळींचा साठा एका हाकेत गेला. तेव्हापासून माल विकायचं काम मी फक्त सकाळी करते, घरात दुसरं कोणी जागं असतं तेव्हा.

म्हणून कामांचे दोन ढीग करा. केव्हाही सोडता येणारी कामं रोजच्या वेळेसाठी. सलग वेळ मागणारी कामं त्या दिवसासाठी, ज्या दिवशी तासभर कोणी हाक मारणार नाही याची खात्री आहे. दोन्ही ढीग एकत्र केलेत की नुकसान ठरलेलं.

आधी घड्याळं चालू करा, मग हात चालवा

एकट्या माणसाला दोनच हात, पण गेममधली घड्याळं कितीही चालू ठेवता येतात. खेळायला बसल्यावर पहिली पाच मिनिटं मी फक्त आपोआप वाढणाऱ्या गोष्टींना देते.

रूनस्केपमध्ये हे हर्बच्या पॅचवर, म्हणजे औषधी वनस्पतींच्या वाफ्यांवर, उत्तम जमतं. बी पेरल्यापासून साधारण ८० मिनिटांत हर्ब तयार होतं आणि मुख्य म्हणजे लॉगआउट झाल्यावरही वाढत राहतं. बसले की आधी सगळ्या पॅचवर एक चक्कर मारते. तयार हर्ब काढते, अल्ट्राकम्पोस्ट टाकते, नवं बी लावते, मग दुसऱ्या कामाला. मॅजिक सिकेटर्स (छाटणीची जादूची कात्री) जवळ असले तर पीक १० टक्के जास्त येतं, ते मिळवायला लागणारा वेळ नक्की वसूल होतो. कम्पोस्ट टाकायचा कंटाळा करू नका, रोग पडून पॅच मेला तर बीही गेलं आणि ८० मिनिटंही.

जीटीएत उलट आहे. तिथले धंदे तुम्ही ऑनलाइन असाल तोवरच चालतात. तिथला एक दिवस म्हणजे आपली ४८ मिनिटं. नाइटक्लबची लोकप्रियता पूर्ण असेल तर दर दिवसाला तिजोरीत ५०,००० पडतात आणि तिजोरी २,५०,००० ला भरते. भरलेली तिजोरी तशीच सोडली की पुढचं सगळं वाया. म्हणून लॉगिन झाल्यावर पहिलं काम तिजोरी रिकामी करणं, दुसरं काम लोकप्रियता भरून घेणं. दारात गोंधळ घालणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाला बाहेर काढलं तरी ती वाढते. दोन मिनिटांचं काम आहे.

जीटीएबद्दल जरा सविस्तर

एकट्याने काय करावं असं सगळ्यांत जास्त मला याच गेमबद्दल विचारतात, म्हणून इथे थोडं थांबते.

जुलै २०२२ च्या अपडेटपासून धंद्याची कामं आणि मालाची विक्री इन्व्हाइट-ओन्ली सेशनमध्ये, म्हणजे फक्त आपण बोलावलेलेच येऊ शकतील अशा खेळात, करता येते. आधी त्यासाठी कोणीही येऊ शकेल अशा सार्वजनिक लॉबीत जावं लागायचं आणि कोणीतरी येऊन गाडी उडवून द्यायचं. सार्वजनिक लॉबीत इतर खेळाडू असतील तर विक्रीवर काही जादा टक्के मिळतात, पण मी त्या टक्क्यांच्या मागे कधी लागत नाही. दहा वेळा सुखरूप पोचलेला माल एकदा उडवलेल्या मालापेक्षा केव्हाही भारी.

धंदा निवडताना किती नफा हे बघण्याआधी विक्रीला किती गाड्या लागतात ते बघा. बायकर धंद्यांत (मोटरसायकल टोळीच्या बेकायदा धंद्यांत) साठा वाढला की विक्रीच्या वेळी एकाहून अधिक गाड्या समोर येतात. चार जणांना ते सोपं. एकट्याने प्रत्येक गाडी पोचवून परत यायचं, तर वेळ संपतो. तिथे साठा थोडा असतानाच विकलेला बरा. अ‍ॅसिड लॅबमध्ये ही अडचण नाही, माल कितीही असो, एकाच मोटरसायकलवरून पोचवायचा. फर्स्ट डोस नावाची मिशनं संपवली की लॅबसाठीची मोठी गाडी फुकट मिळते आणि लॅब बसवायला ७,५०,००० लागतात. नव्याने सुरू करणाऱ्या एकट्या खेळाडूला मी हाच धंदा आधी घ्यायला सांगते.

त्यानंतर कायो पेरिको. डिसेंबर २०२० मध्ये आलेली ही पहिली हाइस्ट (मोठा दरोडा) जी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने करता येते. त्यासाठी कोसाटका पाणबुडी लागते, तिची किंमत २२ लाखांपासून सुरू होते. एकट्याने करताना सोन्याचा विचार सोडून द्या. सोन्याच्या खोलीचं दार उघडायला दोन माणसं लागतात. आत जायला पाण्याखालचा ड्रेनेज बोगदा निवडा, थेट कंपाउंडमध्ये निघता येतं. पहिल्या दोन-तीन वेळा पहारेकऱ्यांचे मार्ग शांतपणे बघून घ्या, घाई करू नका. एकट्याने पूर्ण केली तर पुढच्या वेळेसाठी १४४ मिनिटं थांबावं लागतं. दोघं किंवा जास्त असतील तर ४८. हा फरक एकट्याला जाचक वाटतो, मलाही वाटतो. पण तो वहीत धरला की कळतं, हाइस्ट हे रोजचं काम नाही. आठवड्यातला एक मोकळा तास तिला द्यायचा, बाकीचे दिवस लॅब आणि क्लब.

एक्सपीचं गणित वेगळं

पैसा नंतर खर्चायला राखून ठेवता येतो, एक्सपी मात्र मिळता क्षणीच लागू होतो. त्यामुळे एक्सपीसाठी वेळ केव्हा घालवायचा याला फार महत्त्व आहे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एखाद्या सरायमध्ये किंवा शहरात लॉगआउट केलं की विश्रांतीचा एक्सपी साठत जातो. दर आठ तासांना लेव्हलच्या ५ टक्के, आणि जास्तीत जास्त दीड लेव्हल. हा साठा असताना मारलेल्या प्रत्येक शत्रूचा एक्सपी दुप्पट मिळतो. रानात लॉगआउट केलंत तर साठा चौपट हळू भरतो. मला रोज थोडाच वेळ मिळतो, म्हणून मी दोन-तीन कॅरेक्टर ठेवली आहेत आणि ज्याचा साठा भरलाय त्यालाच बाहेर काढते. क्वेस्ट पूर्ण केल्याचा एक्सपी दुप्पट होत नाही, तेव्हा साठा असताना मारामारीचीच कामं घ्या.

वॉरफ्रेममध्ये हत्याराने मारलं तर अर्धा अनुभव फ्रेमला (आपण चालवतो त्या चिलखती पात्राला) आणि अर्धा त्या हत्याराला जातो. फ्रेमच्या शक्तीने मारलं तर सगळा फ्रेमला. जवळच्या साथीदारांनी मारलेल्यांचा मात्र पाऊण हिस्सा हत्यारांमध्ये वाटला जातो. म्हणजे नवी फ्रेम एकट्याने झपाट्याने वाढवता येते, पण चार कच्ची हत्यारं एकदम वाढवायला ग्रुपच सरस. हे मान्य करायला हवं. तेवढ्यासाठी मी दहा मिनिटं सार्वजनिक मिशनमध्ये जाते आणि परत येते.

फॉलआउट ७६ मध्ये तर एकटं राहून ग्रुपचा फायदा घेता येतो. बुद्धिमत्ता जास्त असेल तर एक्सपी जास्त मिळतो, आणि कॅज्युअल प्रकारच्या सार्वजनिक टीमला बुद्धिमत्तेचा बोनस असतो. टीममध्ये नाव टाका आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाला आपलं आपलं काम करा. कोणी काही विचारत नाही, बोलायचीही गरज नाही.

पाथ ऑफ एक्झाइलमध्ये सावध राहा. मॅप्समध्ये, म्हणजे कथा संपल्यानंतरच्या अवघड भागांत, मेलात की त्या लेव्हलच्या १० टक्के एक्सपी जातो. ग्रुपमध्ये कोणीतरी सावरून घेतं, एकट्याला ते सुख नाही. मी नेहमी झेपेल त्याहून एक पायरी खालचे मॅप खेळते. मात्र फार खाली उतरलं तर तुमची लेव्हल आणि मॅपची लेव्हल यांतल्या अंतरामुळे एक्सपी झपाट्याने घटतो, म्हणून एकच पायरी.

आणि रूनस्केपमध्ये एखाद्या कौशल्यात लेव्हल ९९ चं स्वप्न बघत असाल तर हे आधीच माहीत असू द्या: ९९ ला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो आणि ९२ ला ६५,१७,२५३. म्हणजे ९२ ला तुम्ही अर्ध्या वाटेवर असता. मला हे उशिरा कळलं, आणि कळल्यावर रोजचा आकडा ठरवणं सोपं गेलं. हाय अल्केमीला मंत्रामागे ६५ एक्सपी, तासाला फार तर १,२०० मंत्र, म्हणजे ७८,००० एक्सपी. वर प्रत्येक वस्तूमागे रूनचा खर्च वजा जाऊन ५० नाणी उरली तर ६०,००० नाणी. पण ग्रँड एक्सचेंजवर, म्हणजे खेळाडूंच्या बाजारात, प्रत्येक वस्तूला चार तासांची खरेदी-मर्यादा असते, म्हणून एकाच वस्तूवर अवलंबून न राहता पाच-सहा वस्तू थोड्या थोड्या घ्या.

विकताना

कमावलेलं विकताना गळती होते, ती वहीत लिहाच. ग्रँड एक्सचेंजवर डिसेंबर २०२१ मध्ये १ टक्का कर लागला, २०२५ मध्ये तो २ टक्के झाला. वॉरक्राफ्टचं ऑक्शन हाउस विक्रीतून ५ टक्के कापून घेतं. फॉलआउट ७६ मध्ये दुकानदारांकडून दिवसाला मिळून १,४०० कॅप्सच (तिथलं चलन) मिळतात, त्यामुळे तिथे चार तास लूट गोळा करण्यात अर्थ नाही. चौदाशेपुरती जमवा, विका आणि बाकीचा वेळ एक्सपीला द्या.

मॅक्रो, बॉट (आपल्याऐवजी आपोआप खेळणारे प्रोग्राम) आणि खऱ्या पैशांत नाणी विकत घेणं, या तिन्हींना हात लावू नका. एकट्या खेळाडूला कंटाळा लवकर येतो आणि मोह होतो, हे मी जवळून पाहिलंय. माझ्या जुन्या ग्रुपमधल्या एकाने रात्रभर बॉट लावून ठेवला आणि सहा वर्षांचं अकाउंट कायमचं गेलं. त्याच्या त्या अकाउंटवर आमच्या पहिल्या रेडची (मोठ्या ग्रुपने मिळून केलेल्या मोहिमेची) चिन्हं होती. ती परत मिळाली नाहीत.

शेवटी एक सवय. उठायच्या आधी पुढच्या वेळी पहिलं काय करायचं, ते एका ओळीत लिहून ठेवा. चार दिवसांनी परत बसाल तेव्हा आठवण्यात दहा मिनिटं जाणार नाहीत. काल रात्री लेक अकरा वाजता उठली तेव्हा माझ्या वहीत घाईघाईने एवढंच लिहिलं गेलं: "हर्ब आधी काढ. ट्रोलहाइमचा पॅच राहिलाय. नेचर रून ४०० उरले."