रापणीला तारली लागली की: तिरफळ घातलेलं तिखलं

रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, तारली लागली की टोपलीभर मासळी एकदम घरात येते. आधी बर्फ. हा तेलकट मासा उन्हात पटकन उतरतो. पोट फुटलेला, डोळे बसलेला बाजूला काढा. उतरलेल्या तारलीत तयार झालेलं हिस्टामीन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, शिजवूनही जात नाही आणि अंगावर गांधी उठतात.

किलोभर तारलीची खवलं, डोकी, आतडी काढून धुवा. पसरट टोपात 3 चमचे लाल तिखट, अर्धा चमचा हळद, दीड चमचा मीठ, 6 आमसुलं, 5 ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि 2 डाव खोबरेल घालून हातानं हलकेच चोळा. आता तिरफळं, 8 पुरेत. आतली काळी बी काढून टाकायचीच, ती कडवट लागते. टरफल नुसतं ठेचा. बारीक वाटून घेतलं तर उग्र होतं, मग माशाची चवच कळत नाही.

अर्धी वाटी पाणी घालून, झाकून मंद आचेवर 10 मिनिटं. डाव अजिबात घालू नका, मासा मोडून लगदा होतो. टोप फडक्यानं धरून गोल फिरवा. कडेला लालसर तेल सुटलं की उतरवा. अर्धा तास तसंच झाकून ठेवलं की आमसुलाचा आंबटपणा आत मुरतो.