जर्मनीत मुलांना घेऊन येताय?

घर, अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी), विमा, बँकेचं खातं ही धावपळ तुम्ही निभावून न्याल. मला सांगायचंय ते मुलांबद्दल. 2012 साली आम्ही पुण्याहून बर्लिनला आलो तेव्हा लेक सात वर्षांची होती.

पहिले चार-पाच महिने ती वर्गात अक्षरही बोलली नाही. पुण्यात दिवसभर जिची टकळी चालायची ती! मी घाबरले आणि घरीही तिच्याशी तोडकंमोडकं जर्मन बोलू लागले. कृपा करून हे करू नका. नवी भाषा कानावर पडते तेव्हा बरीच मुलं आधी नुसती ऐकत राहतात. दिवसभर न कळणाऱ्या भाषेत बसून आलेल्या लेकराला घरी मनसोक्त रुसता-भांडता आलं पाहिजे, आणि ते मराठीतच जमतं. मी पुन्हा मराठीवर आले तशी ती शाळेतलं सांगू लागली.

मूल कोणत्या वयात येतं यानेही फरक पडतो. बर्लिनमध्ये पहिली-दुसरीची मुलं बहुधा थेट नेहमीच्या वर्गात बसतात. माझा भाचा दहाव्या वर्षी आला, त्याला आधी विलकॉमेन्सक्लासेत, म्हणजे नव्याने आलेल्या मुलांसाठीच्या जर्मन शिकवणाऱ्या वेगळ्या वर्गात घातलं. तिथे भाषा नीट शिकवतात, पण सोबतची सगळीच मुलं नवखी, आणि एकेक करून नेहमीच्या वर्गांत निघून जातात. खेळाच्या, चित्रकलेच्या तासाला तरी याला नेहमीच्या वर्गात बसवाल का, असं शाळेला पहिल्याच महिन्यात विचारा. आम्हाला हे फार उशिरा सुचलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तर जुने मित्र तुटल्याचा राग असतो. तो राग ऐकून घ्या आणि तिकडच्या मित्रांशी फोन चालू राहू द्या.

इथली मैत्री खरी जुळते ती शाळा सुटल्यावर. आपल्या सोसायटीत खालून हाक मारली की झालं. इथे आईवडील आधी दिवस आणि वेळ ठरवतात. आपल्याला कोणी बोलवत नाही म्हणून मी वर्षभर झुरले, आणि समोरच्या बायका माझ्या विचारण्याची वाट बघत होत्या. पहिलं आमंत्रण तुम्हीच द्या, एकाच मुलाला, दोन-तीन तासांसाठी. वाढदिवसालाही अख्खा वर्ग बोलावू नका. जितकं वय तितके पाहुणे, असा इथे बऱ्याच घरांत रिवाज आहे.

आणि पोहणं. तिसरीत बर्लिनच्या शाळा मुलांना तलावावर नेतात. बऱ्याच मैत्रिणींच्या पोहण्याच्या कपड्यांवर केशरी समुद्रघोड्याचा बिल्ला शिवलेला होता, ‘झेपफेर्डशेन’. काठावरून उडी, 25 मीटर पोहणं आणि खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू काढून आणणं, एवढं जमलं की तो मिळतो. माझी लेक उथळ पाण्यात कडेला धरून उभी. त्या दिवशी ती घरी येऊन रडली तेवढी भाषेपायी कधी रडली नव्हती. पुढे बिल्ला मिळाला तेव्हा मी तो शिवत असताना ती शेजारी बसून टाके मोजत होती, आणि त्या उन्हाळ्यात तळ्यावर जाणाऱ्या टोळीत तीही होती.

म्हणून निघण्याआधी महिनाभर हाताशी असेल तर मुलांना तिकडेच पोहायला शिकवा. इथले वर्ग लवकर भरतात, जागेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं.